तुम्ही जागे होता

बाबा, आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या, बाकीचं मग. फौजेतल्या फायलींना ती हिरवी दोरी असते ना, दोन्ही टोकांना पत्र्याची बारीक टोपी असलेली, तिच्या एका टोकाची टोपी गळून पडली आहे. त्यामुळे गेले तीन आठवडे मी एका मोठ्या अन्यायाखाली जगते आहे. पान काढायचं तर दोरी ओढावी लागते, ओढली की ती भोकातून सुटते, आणि सुटली की तिचं विस्कटलेलं टोक ओठांत धरून, ओलं करून, सुईत दोरा ओवल्यासारखं पुन्हा दोनशे पानांतून घालावं लागतं. ओवताना चष्मा घसरतो, चष्मा सावरला की पानं घसरतात. आतापर्यंत सगळी फाईल तीनदा स्वयंपाकघरात सांडली. एकदा तर कुणा ब्रिगेडियरसाहेबांचा शुभेच्छा संदेश वरणाच्या फोडणीत पडला आणि त्यांच्या सहीला कायमची हळद लागली. ज्या फौजेनं बर्फात, वाळूत आणि दलदलीत कोसच्या कोस तारा ओढल्या तिला वीतभर दोरीच्या टोकाला पत्रा टिकवता येऊ नये, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि त्यावर मी योग्य ठिकाणी लिहिणार होते. योग्य ठिकाण म्हणजे माझं रविवारचं सदर. तिथे मी याहून फालतू गोष्टींवर याहून जास्त रागावलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कात्रणं तुम्हीच कापून ठेवत होता.

ही फाईल म्हणजे तुमच्या सिग्नल कंपनीचा इतिहास. लिहिला आहे वडनेरच्या काकांनी. तुमच्या वायरलेस सेटच्या दुसऱ्या टोकाला बसणारे, तुमचे जोडीदार, तुमच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे आता शहात्तरीचे. खताच्या रिकाम्या पोत्यात फाईल गुंडाळून ते एसटीनं वर्ध्याला आले, दारातून आत येता येता ‘जय भीम’ म्हणाले, चपला काढायच्या आधी पोतं माझ्या मांडीवर ठेवलं, आणि पाणीही न पिता हुकूम सोडला.

“पोरी, तू पेपरात लिहितं. कोमा-बिमा पाह्यजो. बाकी काही बदलू नोको, सारं खरं हाय.”

“काका, खऱ्यालाच जास्त दुरुस्ती लागते.”

“तुया बापासारखी बोलून राह्यली.”

“बाबा असं कधीच बोलत नव्हते.”

“तेच तं,” ते म्हणाले. “तो बोलतच नोता. म्हणून तू दोघांचं बोलून घेतं.”

पुस्तक कंपनीच्या थंडीतल्या मेळाव्यात निघायचं आहे, पुलगावला, नेहमीच्या सभागृहात. छापखाना अडून बसला आहे आणि काका रोज फोन करतात. मी खरं तर हसायची तयारी करूनच वाचायला बसले होते. माजी सैनिकांनी लिहिलेले इतिहास मी पाहिले आहेत. त्यांत सगळे अधिकारी कर्तव्यदक्ष असतात, सगळी थंडी कडाक्याची असते आणि मेलेला प्रत्येक माणूस हसतमुख असतो. पण काकांनी पहिल्याच पानावर लिहिलं आहे की लढाईचा इतिहास जो तो लिहितो, लढाईच्या तारेचा कोणी लिहीत नाही, आणि मग शंभरेक पानं त्यांनी तारेचाच इतिहास लिहिला आहे. खेचरावर तारेची किती रिळं मावतात आणि ती एका बाजूला जास्त झाली तर खेचर दरीत कसं झुकतं. बॅटऱ्या भरायचं इंजिन, आणि त्याला मिठी मारून झोपणारा हवालदार, कारण सगळ्या ठाण्यात तेवढीच एक ऊबदार वस्तू. धुक्यात तार तुटली की लाइनमन ती मुठीत धरून चालू लागतो, तार तळव्यातून सरकत राहते, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि अचानक मूठ रिकामी होते. तिथे तुटलेलं असतं. हे वाचताना माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. मला जरा असूयाच वाटली. तीस वर्षं लिहिते आहे, मूठ रिकामी होण्याचं वाक्य मला सुचलेलं नाही.

आणि चहाचं पान. काकांची पुढची चौकी तुमच्या ठाण्यापासून तीन तासांच्या चढावर. चौकीवर चौघं, त्यांतला एक आचारी. तो केरळकडचा, बर्फात नारळ मिळत नाही म्हणून रोज फौजेला शिव्या देणारा, आणि काकांकडून झुणका शिकून तो आपल्याच गावचा पदार्थ आहे असं सगळ्यांना सांगणारा. त्याचा पहिला चहा पहाटे साडेपाचला यायचा. तेव्हाच दिवसाचा परवलीचा शब्दही बदलायचा. वहीत रोजचं एक पान, पानावर त्या दिवसाचा शब्द. काकांनी मोठ्या कौतुकानं लिहिलं आहे: ‘आमचे घड्याळ म्हणजे आचाऱ्याचा चहा. चहाचा मग हाती आला की आम्ही पान उलटत असू.’ त्या शब्दाचा नियमही त्यांनी समजावून सांगितला आहे. बोलावणाऱ्यानं सेटवर आधी त्या दिवसाचा शब्द सांगायचा. शब्द बरोबर असेल तरच समोरच्यानं उत्तर द्यायचं. चुकला तर गप्प बसायचं, खोकायचंसुद्धा नाही, म्हणजे फसवणाऱ्याला कळू नये की इथे कोणी ऐकतं आहे. कारण आदल्याच आठवड्यात कोणीतरी तुमच्यातल्याच एकाचं नाव सांगून सेटवर गोड गोड बोललं होतं आणि खेचरांचा तांडा किती वाजता निघणार ते काढून घेतलं होतं. तेव्हापासून हुकूम होता, सख्खा भाऊ बोलला तरी शब्दाशिवाय उत्तर नाही.

त्यापुढे अकरा पानांनी मी थांबले. तिथे काकांची भाषा बदलते. एरवी गप्पा मारणारा माणूस तिथे कार्यालयातल्या कारकुनासारखा लिहितो: ‘त्या दिवशी पहाटेपासून पुढील चौकीवरून मदतीसाठी वारंवार पुकारा करण्यात आला. तथापि ठाण्यातील सेटवरील जवान निद्राधीन झाल्यामुळे उत्तर मिळाले नाही. चौकीचे आचारी छातीत पाणी होऊन दुपारी मरण पावले.’

नाव नाही. पण जवान कोण ते मला माहीत होतं, जसं मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मला फक्त आचारी माहीत नव्हता.

हे नीट सांगते, कारण माझी लाज इथूनच सुरू होते. तुम्हाला सेटवर झोप लागली, म्हणून तुमची बाहीवरची एक फीत गेली, हे मी लहानपणापासून गंमत म्हणूनच ऐकत आले. मेळाव्यात काका तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “जाऊ द्या ना बे, माणूस हाय, डोया लागते.” सगळे हसायचे. तुम्हीही हसायचा. त्या डुलकीपायी माणूस गेला, हे कोणी बायकापोरांसमोर बोललं नाही. मग तुम्ही निवृत्त होऊन नाचणगावला आलात आणि कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार झालात. झोपेबद्दल शिक्षा झालेला माणूस रात्रपाळीचा चौकीदार. एखाद्या विनोदी लेखिकेला बापानं याहून मोठी इस्टेट काय ठेवावी. मी लेख लिहिला, ‘फौजेतली डुलकी’. तुम्ही जाण्याआधी दोन वर्षं, मेळाव्यात, काकांच्या आग्रहावरून मी तो माइकवर वाचला. तुम्ही पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. अजून दिसतं मला: लोक मांड्यांवर थापा मारत आहेत, एक जण डोळे पुसतो आहे, आणि तुम्ही टाळ्या वाजवता आहात, हात छातीच्या उंचीवर धरून, सावकाश, सगळ्यांच्या नंतर थांबणाऱ्या टाळ्या. घरी परतताना मी विचारलं, राग आला का. तुम्ही म्हणालात, “चांगलं वाचलं. पण पानाआड तोंड लपवू नोको.”

आणि आई. आई आयुष्यभर म्हणत राहिली, हा माणूस झोपतो कधी. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात तुम्हीच चूल पेटवायचा, पुढे गॅस. मी परीक्षेला उठायचे तेव्हा तुमचा चहा पिऊन झालेला असायचा आणि तुम्ही ओट्यापाशी पाटावर नुसते बसलेले असायचा, पाठ ताठ, कान कुठेतरी लावल्यासारखे. जिनिंगचा मालक तुमच्या तेराव्या दिवशी येऊन सांगून गेला की बारा वर्षांत हा माणूस एकदाही डुलकी घेताना सापडला नाही, मीच कैकदा मुद्दाम पाहायला गेलतो. मी ते ऐकलं. लिहिणारी मी, माणसांतली विसंगती हेरून पोट भरणारी, हे दोन्ही ऐकलं आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाही. कारण विनोद आधीच छापून झाला होता.

गेल्या आठवड्यात काकांनी पुस्तकासाठी तुमचा वर्दीतला फोटो मागितला. मी नाचणगावला गेले. घर बंद, अंगणात सीताफळाचं झाड भलतंच वाढलेलं. तुमची काळी पेटी तशीच. वर्दी, तिच्याखाली पेपर, पेपराखाली माझी कात्रणं, वर्षवार. कात्रणांच्या तळाशी निरोपाच्या पॅडाचं एक पान. ते पॅड मी लगेच ओळखलं. मी आठवीत गेले तेव्हा तुम्ही सुटीवर येताना मला तसलंच कोरं पॅड आणलं होतं, मध्ये कार्बन घालायचं. “लिहिजो. पण जे लिहिशीन त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवजो.” पेटीतलं पान ती प्रत होती. कार्बनची निळी अक्षरं, तुमची, सगळी सारख्या उंचीची.

‘०५४०. पुढच्या चौकीचा पुकारा. शब्द चूक. कालचा शब्द. उत्तर दिलं नाही.’

‘०५४४. पुन्हा. तोच शब्द. उत्तर दिलं नाही.’

‘०५५१. साध्या बोलीत पुकारा. मले ओयखत नाई का बे. आवाज ओळखला. साहेब खाली गेलेले, विचारायला कोणी नाही. उत्तर दिलं नाही.’

मग खाली खाली, आठ वीसपर्यंत, नुसती वेळ आणि तेच तीन शब्द. मी मोजले नाहीत. पानाच्या पाठीवर शाईनं, नंतर कधीतरी लिहिलेलं: ‘त्यानं पान उलटलं नव्हतं. चौकशीत खरं सांगितलं तर आचाऱ्याचं मरण त्याच्या नावावर जातं. तो ते घेऊन जगणार नाही. वरची प्रत फाडली. डोळा लागला असं सांगितलं.’

मी पेटीशेजारी जमिनीवर बसले ती बसलेच. बाहेर कोणीतरी बोअरचा पंप सुरू केला, बंद केला. तुम्ही जागे होता. माझ्या डोक्यात एवढंच वाक्य होतं, आणि ते वाक्य मला पटत नव्हतं, जसं एखाद्यानं येऊन सांगावं की तुमच्या घराला आणखी एक खोली आहे. पावणेतीन तास तुम्ही त्या सेटसमोर बसून जोडीदाराचा आवाज ऐकत होता. तो आधी नियमानं बोलावतो, मग आपल्या बोलीत, मग बहुधा शिव्या देतो, मग बहुधा रडतो. आणि तुम्ही वेळ टिपता आहात. सारख्या उंचीच्या अक्षरांत.

मला तुमचा राग आला, हे लिहून ठेवते. आणि रागात एक घाणेरडी शंकाही आली. झोपलेल्या माणसाला लोक माफ करतात. जागा असून ज्यानं ओळखीच्या आवाजाला ओ दिली नाही त्याला कोण माफ करणार. तुम्ही जोडीदाराला वाचवलंत, की झोपेच्या आड स्वतः लपलात. दोन्ही असेल. तुम्ही असता तर विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, पाणी तापलं का बघ.

मग मला ते पोस्टकार्ड आठवलं. मी दहा वर्षांची. पोस्टमननं शेजारच्या मावशींचं कार्ड आपल्याकडे टाकलं होतं. मी वाचलं: त्यांचा मुलगा नागपूरला नापास झाला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. तुम्ही सुटीवर होता. तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाही. हात धरून मला मावशींच्या दारात उभं केलंत आणि म्हणालात, सांग काय केलं ते. परत येताना एवढंच बोललात. “निरोप ज्याचा त्याचा. आपण तार हावो. तार वाचत नाई.” मी मावशींच्या तोंडावरचा तो भाव विसरले नाही, आणि तरी मोठी होऊन लोकांची कार्डं वाचून गल्लीला सांगायचाच धंदा केला.

पान पर्समध्ये घालून मी परवा वडनेरला गेले. बसमध्येच ठरवलं होतं, दाखवायचं नाही. ‘निद्राधीन’ शब्द काढायचा, ‘उत्तर मिळाले नाही’ एवढंच ठेवायचं, काकांना म्हणायचं की वाक्य लांब होतं. फाईल दुरुस्त करून द्यायची आणि निघायचं. शहात्तरीच्या माणसाच्या हातात आता काय मेलेला आचारी द्यायचा.

काका ओसरीवर बाजेवर होते. काकूंनी सुपात तुरीच्या शेंगा घेतल्या होत्या, मला पाहून सूप सरकवलं. मी चुका दाखवत गेले, ते मान डोलवत गेले. त्या पानाशी आले तेव्हा काका स्वतःच म्हणाले, “इथी तुया बापाचं नाव नाई टाकलं मी. पाह्यलं ना?”

“पाहिलं.”

“चाळीसच्या वर वर्ष झाले. कवाच माफ केलं मी त्याले. माणूस हाय.”

“हे ऐकून ऐकून कान किटले तिचे,” काकू म्हणाल्या. “लेकीसमोर तरी नोका सांगू.”

“सांगू दे ना वो. मायं मन साफ हाय. मी सारं नियमानं केलं, म्हणून तं मले आजही झोप येते. सेट चालू, बॅटरी भरेल, शब्द बरोबर. आता समोरचाच झोपला तं मी का करू?”

मी शेंग सोलत राहिले. वाक्य लांब झालंय, एवढंच म्हणायचं होतं. काकू चहा घेऊन आल्या. काकांनी पेला हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण आता त्यांची आवडती गोष्ट सांगायची वेळ झाली होती.

“हे पाय. असाच चहाचा मग घेऊन तो याचा, साडेपाचले. शिव्या देत देत. न् मी म्हणो, थांब बे, आधी पान उलटू दे. चहा हातात आला का पान उलटाचं. एक दिवस नाई चुकलं. चहा आला का...”

ते थांबले. पेला तोंडाशी नेत होते, तो मध्येच राहिला. मी मान वर केली नाही. काकू म्हणाल्या, साखर कमी झाली का. चहावर साय धरली.

“त्या दिशी चहा कोणं आणला असन?” त्यांनी विचारलं. मला नाही, कोणालाच नाही.

मग त्यांनी पेला बाजेखाली ठेवला, बऱ्याच काळजीनं, जणू तो फुटणार होता. “तो तं रातभर पडून होता. मीच पाठ चोयत होतो त्याची. चहा झालाच नाई.” आणि शेवटी, “पान नाई उलटलं मी.”

काकूंना काही कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, कोणतं पान. काका माझ्याकडे पाहत होते.

“तो जागी होता,” काका म्हणाले. “ऐकत होता तो. तुले सांगतलं त्यानं?”

“नाही काका. कधीच नाही.”

“त्यानं लिवून ठेवलं असन. त्याले सवय होती, एक प्रत ठेवाची.”

बाबा, मी तिथे खोटं बोलू शकले असते. खोटं मला सहज येतं, त्याचंच मानधन मिळतं. पण मी पर्स उघडली. त्यांनी पान हातभर लांब धरून वाचलं, ओठ हलवत. ‘मले ओयखत नाई का बे’ पाशी ओठ थांबले. मग पाठ वाचली. मला वाटलं ते कोसळतील, मी उठून उभी राहिले. ते कोसळले नाहीत. ते भडकले.

“यानं मले विचारलं होतं का?” ते म्हणाले. “मी जगन का नाई जगन, हे ठरवणारा हा कोण? चाळीस वर्ष मी त्याले माफ करत राह्यलो, लोकांसमोर, खांद्यावर हात टाकून, न् हा साला हासत राह्यला. मले येडं केलं यानं.”

“काका, त्यांनी फीत घालवली ती कशासाठी...”

“फीत गेली तं गेली. मी त्याच्यासंग एका ताटात जेवलो. एकडाव तं सांगाचं होतं. मी मेलो असतो का जगलो असतो, मायं मी पाह्यलं असतं.” त्यांचा आवाज फाटला. “अडीच-तीन घंटे मी बोंबललो. न् तो तिथी बसून ऐकत होता. कसं ऐकलं असन बे त्यानं?”

काकूंनी आत जाऊन पाणी आणलं. ते प्यायले. मग बाजेच्या काठाशी सरकून ताठ बसले आणि मला म्हणाले, पेन काढ. मी म्हटलं, काका, आज नको, रात्र जाऊ द्या, छापखान्याला मी थांबवते. मी असंही म्हटलं की मी फक्त एक शब्द काढते, बाकी कोणाला कळायचं कारण नाही, बाबांचीही हीच इच्छा होती.

“त्याची इच्छा लय झाली,” काका म्हणाले. “पुस्तक मायं हाय. सारं खरं हाय म्हणून सांगतलं ना मी तुले? लिही.”

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कारकुनी भाषा नव्हती. ‘त्या दिवशी आचारी आजारी, म्हणून चहा झाला नाही. चहा झाला नाही म्हणून मी पान उलटायचे विसरलो. मी कालच्या शब्दावर बोलावत राहिलो. ठाण्यातील सेटवर माझा जोडीदार जागा होता. त्याने नियम पाळला, आणि माझी चूक आपल्या अंगावर घेतली. आचारी दुपारी गेला.’ तुमचं नाव घालायला सांगितलं, आचाऱ्याचंही. मग म्हणाले, आता वाचून दाखव. मी वाचलं. “बराबर,” ते म्हणाले, आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. बस येईपर्यंत त्यांनी एकच विचारलं, “कोणाचं का चुकलं वो?” मी म्हटलं, चहाचं. त्याहून खरं मला काही सांगता आलं नाही.

पान छापखान्यात गेलं. काकांचा फोन काल आला नाही, आजही नाही. दुपारी मीच काकूंना विचारलं. जेवतात, म्हणाल्या, शेताकडं जाऊन येतात, बोलत नाहीत, आणि पहाटे चारला उठून बसतात. मी फोन ठेवला. मी तुमचं एक पान पर्समधून काढलं, आणि आता वडनेरलाही कोणीतरी अंधारात पाठ ताठ करून बसलं आहे. हे बरोबर झालं की चूक, तुमच्याकडे याचा काही नियम असेल तर मला माहीत नाही.

माझ्या निवडक लेखांचं पुस्तक येणार आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मुद्रितं तपासून झाली होती. संध्याकाळी मी प्रकाशकांना फोन केला आणि म्हटलं, ‘फौजेतली डुलकी’ काढून टाका. ते म्हणाले, मॅडम, लोक तर तोच लेख विचारतात. मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, कारण काय सांगू संपादकांना. मी म्हटलं, लेखिकेला माहिती चुकीची मिळाली होती. ते जरा हसले, विनोदी लेखात कसली आली माहिती. मग म्हणाले, ठीक आहे, आठ पानं कमी होतील. होऊ द्या म्हटलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. कोणत्या पेटीत टाकतात तेही मला माहीत नाही, आणि माझ्या कोणत्याच पेटीवर तुमच्याइतका भरवसा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. काढायच्या आधी मी तो लेख शेवटचा वाचला, उभ्यानं, ओट्यापाशी. त्यात एक वाक्य आहे की त्या दिवशी शत्रू पुढे आला नाही, कारण माझ्या बापाच्या घोरण्याला तो रणगाडे समजला. तिथे आले, आणि सगळं माहीत असून, बाबा, मला हसू आलं.